रिकाम्या गाडीचं वजन

वसमत रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
तोतला मॅडमचं ऑफिस.
जुलैत तिथं चपला काढायला जागा नसते.
मी पिशवी टेबलावर उपडी केली :
वर्षभराच्या पावत्या, एक सुटा फ्यूज,
बडीशेपेची फुटकी पुडी.

पंपाच्या पावत्या कोऱ्या निघाल्या.
एप्रिल-मेभर डॅशबोर्डवर पडून होत्या,
परभणीच्या उन्हानं आकडे पिऊन टाकले.
मॅडमनी एक उचलून ट्यूबलाइटपुढं धरली,
डॉक्टर एक्स-रे धरतो तशी.
"ही कितीची?"
"तेराशेची. नाहीतर तेवीसशेची."

"लासुरे, असं करा,
पावत्यांचा कुटाणाच सोडा.
सरकारनं सोय केलीय तुमच्यासारख्यांची,
जमा झालं त्यातला ठरलेला हिस्सा नफा धरायचा.
अंदाजानं.
कुणी कागद मागत नाही."

अंदाजानं!
एकोणीस वर्षं झाली, मी भुईकाटे दुरुस्त करतो.
ना कंपनीचा नोकर, ना कुणाचा भागीदार.
फोन आला की वीस-वीस किलोची मापं पिकअपमध्ये टाकायची
आणि सेलू म्हणा, जिंतूर म्हणा,
जिथला काटा खोटं बोलायला लागला तिथं जायचं.
उंदरानं वायर कुरतडली की
कापसाची गाडी चाळीस किलोनं हलकी होते
आणि दोन माणसं एकमेकांच्या आईवर जातात.

म्हटलं, "मॅडम, आमच्यात आधी भरली गाडी तोलतात,
मग रिकामी.
वजा जाता राहील तो माल.
माझी रिकामी गाडी तोला.
अंदाजे रिकामी गाडी
अजून कुणी मान्य केलेली मी पाहिली नाही."

त्यांनी चष्मा पुसला. पंख्याखालची वही ओढली.

मोबाइल : धंद्याचा किती, घरचा किती?
लेक हॉस्टेलवरून रोज अर्धा तास बोलते,
गिऱ्हाईक दोन मिनिटांत शिव्या देऊन ठेवतं.
नांदेडची फेरी : काटा होताच तिकडं,
पण शेजारी सासरे बसलेले, मोतीबिंदूसाठी.
"सासऱ्यांनी काय डिझेल प्यालंय का? धरा सगळी."
येताना गंगाखेडवरून आलो होतो, लग्न जेवून.
ते वळणाचे किलोमीटर मी स्वतःच खोडले.
मॅडम काही बोलल्या नाहीत,
फक्त चहा सांगितला.

अडलं ते हमालीपाशी.
मानवतच्या जिनिंगवर केरबा धुळगुंडेनं
पन्नास मापं उतरवली, पन्नास चढवली.
तीनशे रुपये, रोख, हातावर.
"व्हाउचर करा. सही आणा."

तीनशेच्या सहीसाठी पाचशेचं डिझेल जाळून
मी मानवतला गेलो.
सीझन नव्हता, जिनिंग गप्प.
केरबा ताडपत्रीला ठिगळ लावत बसलेला.
कागद लांब धरून त्यानं वाचला,
"हे तीनशे कामून लिवले?
साडेतीनशे दिल्ते तुमी.
येळवशीच्या दुसऱ्या दिवशी.
पन्नास वरून, पोरीच्या कंपासपेटीला म्हनून."

मला काही आठवेना.
माझ्या वहीत तीनशेच होते.
त्याच्या डोक्यात साडेतीनशे, तारखेसकट.
"केरबा, हमाली तीनशेच ना?
मग ते पन्नास ह्यात बसत नाहीत."
"कशात बसतेत मंग?"
असं म्हणत त्यानं सुई ताडपत्रीत खोचली
आणि तीनशेखाली सही केली,
धुळगुंडेतला पहिला उकार विसरून,
मग सावकाश परत जाऊन तो लावून.

येताना रस्त्यावरच्या पंपावर थांबलो.
पावती मागितली.
लगेच फोटो काढायला गेलो तर
आकड्यांवर ऊन लखलखत होतं,
काही दिसेना.
मग उन्हाकडं पाठ केली,
कागद अंगाच्या सावलीत घेतला.
पंपावरचा पोरगा विचारत होता,
"काका, काय झालं?"