जुना सांगाडा

गेले काही महिने लॅपटॉप उघडला की एक चौकट उगवायची:
हे यंत्र पुढच्या आवृत्तीसाठी पात्र नाही.
शेजारच्या भांडणावर खिडकी लावून घ्यावी
तशी मी ती बंद करायचो.

कुताइसीच्या ट्रक कारखान्यात मी इंजिनं बसवली, एकवीस वर्षं.
पात्र नाही, हे वाक्य मला पाठ आहे.
एकदा कागदावर मिळालं होतं, शिक्क्यासकट.

पण माझा फोन बटणांचा, आणि त्सियाला बारीमध्ये.
तिथे ती दुसऱ्या कुणाच्या आईला भरवते, कुशीवर वळवते,
आणि म्हातारीला डोळा लागला की
स्वयंपाकघरातून मला हाक मारते.
तिचे नऊ, माझे अकरा.
हल्ली तिचा चेहरा नुसता चौकोनांचा यायचा,
आवाज पुढे, ओठ मागे.

मग तिसऱ्या मजल्यावरचा त्सोत्ने आला,
सोळा वर्षांचा, खिशात नखाएवढी पेनड्राइव्ह.
म्हणाला, बातोनो बाद्री, अख्खी सिस्टीम आहे यात. फुकट.
मी म्हटलं, फुकटचं इंजिन आयुष्यात एकदाच पाहिलं,
ते चोरीचं निघालं.
तो हसला नाही. कामाला लागला.

चालू होता होता एफ बारा बडवायचं असतं.
तीनदा हुकलं.
चौथ्यांदा पडदा काळा झाला, पांढऱ्या ओळी धावू लागल्या,
आणि मी सवयीने कान लावला:
पंखा फिरतोय, घरघर नाही.

पहिला प्रश्न भाषेचा.
यादी खाली खाली जात राहिली. मला न वाचता येणारी किती अक्षरं,
काही तर दोरीवर वाळत घातल्यासारखी, ओळीला लोंबणारी.
त्यांच्यात आमची गोल गोल अक्षरंही होती.
कुणी बसवली असतील? पगार कोण देतं त्याला?
त्सोत्नेने खांदे उडवले.

मग तो प्रश्न आला.
सगळं पुसून टाकायचं?

फोटो दोन ठिकाणी उतरवले होते, मोजून.
तरी मी त्याचा हात धरला.
पडद्याच्या कोपऱ्यात त्सियालाने जायच्या आदल्या रात्री
एक पिवळी चिठ्ठी चिकटवली होती, खोटी, कागदाची नव्हे:
गॅस बंद केलास का?
सहा वर्षं ती तिथेच होती. तिच्याभोवतीच मी सगळं उघडत, मिटत आलो.

पोरगा म्हणाला, ही पण कॉपी करता येईल.
मी म्हटलं, थांब.
विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतली, पेन्सिलीने,
प्रश्नचिन्हासकट.
मग बटण मीच दाबलं.

बॅटरी केव्हाच मेलेली, सगळा जीव त्या एका वायरीत.
पट्टी सरकत होती. आम्ही दोघं प्लगपासून लांब बसलो,
कुणी शिंकलं तरी भीती.
चाळीस टक्क्यांवर दिवा मिणमिणला.
खालचा ओतिया वेल्डिंग करत होता. मी गॅलरीतून ओरडलो,
त्याने मला शिवी दिली आणि थांबला.

झालं. सगळं स्वच्छ, झटपट, ओळखीचं काहीच नाही.
आणि वायफाय नाही.
कुठलासा तुकडा या जुन्या चिपला बोलतच नव्हता.
अकराला दहा कमी.
त्सोत्ने धावत वर गेला,
आणि पाव आणायची टोपली जिथून सुटते
त्या खिडकीतून निळी केबल खाली आली, झोके खात.
दोनदा माझ्या हातून निसटली.

अकरा वाजून चार मिनिटांनी त्सियाला.
अख्खी. कपाळावरची नवी आठीसुद्धा.
मी सिस्टीमबद्दल सांगायला तोंड उघडलं,
पण ती माझ्या मागे बघत होती:
भिंतीवर काय चिकटवलंयस?

मी सरकलो. बिल दिसू दिलं.
तिने वाचलं. थोडा वेळ बोलली नाही,
आणि या खेपेला दोष लाइनचा नव्हता.

मग म्हणाली, केलास का?

मी उठून बघून आलो.