जिभेला हाड

पहिल्या दिवशी उपचार माझ्यावरच झाले.
एउलालियाने माझ्या पॅडवर, डाव्या हाताने,
वाकडंतिकडं लिहिलं :
मिशी काढा. ओठ दिसत नाहीत.
दुसऱ्या खेपेला मी सफाचट.
घरी बायको चार दिवस हसत होती.

खाली चाव्या करून देणाऱ्याचं यंत्र किरकिरतं,
सगळे पेशंट वैतागतात, ही सोडून.
पंचवीस वर्षं मुक्या-बहिऱ्या पोरांना शिकवलं,
गणित, नद्या, भांडण कसं मिटवायचं,
सगळं या उजव्या हाताने.
आता अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या,
मनगटात विस्तव,
आणि काही शब्द मध्येच गळून पडतात
कप पडावा तसे.
'मी तोतरी झालेय,' असं तिने लिहिलं,
आणि तोतरीखाली रेघ ओढली.

जिभेला हाड नसतं म्हणून माणसं वाटेल ते बोलतात.
हिच्या जिभेला सत्तावीस हाडं.
त्यातली आठ मी रोज चाचपतो,
गारगोट्यांसारखी, एकमेकींवर सरकणारी.
मनगटाच्या बोळातून नऊ दोऱ्या जातात आणि एक नस,
आणि नऊजणी सुजल्या की
दहावीला भिंतीशी चेपून उभं राहावं लागतं.
हे मी तिला चित्र काढून सांगितलं.
तिने चित्रातल्या नसेला डोळे काढले, घाबरलेले.

कोमट मेणात हात. मग माती मळणं.
मग नस मोकळी करायचा व्यायाम :
हात खांद्याइतका लांब, तळवा मागे, मान दुसरीकडे.
ती मध्येच थांबून खांदे गदगदवत हसू लागली.
भाचीने सांगितलं, 'आमच्यात ही अर्धी शिवी आहे.'
'मग रोज तीन वेळा, दहा-दहा शिव्या,' मी म्हणालो,
आणि एवढं मात्र तिने माझ्या ओठांवरून लगेच वाचलं.

थर्मास काखेत धरू नकोस, असंही सांगून पाहिलं.
मोंतेविदेओत हे सांगणं म्हणजे
बरगडी घरी ठेवून ये म्हणण्यासारखं.
तिने ऐकून घेतलं. म्हणजे बघून घेतलं.
दुसऱ्या दिवशी थर्मास काखेतच. डाव्या.

स्प्लिंट मात्र नकोच म्हणाली.
रात्री मनगट दुमडतं, नस चेपते,
मी समजावत राहिलो, मोठ्याने,
जसं मोठ्याने बोलल्यावर तिला ऐकू येणार होतं.
शेवटी तिने लिहिलं, सावकाश, ओळ न सोडता :
हेबेरही बहिरा आहे. दिवा मालवल्यावर
आम्ही एकमेकांच्या तळहातावर बोलतो.

मी वीस वर्षं स्प्लिंट बांधतोय.
कोणाचं तोंड बांधतोय असं कधी वाटलं नव्हतं.
'बोलणं संपलं की घाल,' मी म्हणालो.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मला माझं लग्न आठवलं.

मग तडजोड. तळव्याकडचा भाग कापून आखूड केला,
बोटं मोकळी ठेवली. पुस्तकात असं नाही.
हेबेर एकदा तिच्याबरोबर आला,
ट्रकचालकाचे जाड हात,
त्याने स्प्लिंटचा पट्टा तीनदा काढून लावून पाहिला
आणि माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली
की दुपारभर माझीच मान धरली होती.

दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे विचारावंच लागतं.
पहिले दोन महिने सात, आठ, परत सात.
सात दाखवायला दोन्ही हात लागतात,
म्हणजे दुखरा हातही साक्षीला.
एका आठवड्यात नऊ झाले,
शाळेत परीक्षा होत्या, मी काही बोललो नाही,
फक्त मेण जास्त वेळ तापवलं.

काल तिने चार दाखवले. डाव्या हाताने.
उजव्यात माते होता, तांब्याची नळी, वाफ.
उद्या पुन्हा सहा होतील, मला माहीत आहे,
या नसा हट्टी असतात, जुन्या शेजाऱ्यांसारख्या.

जाताना दारात वळली, माते भाचीच्या हातात दिला,
आणि मला काहीतरी म्हणाली, दोन्ही हातांनी.
भाची हसली, पण सांगेना.
मला एक अक्षर कळलं नाही.
भरभर म्हणाली, एवढं कळलं.