सहा आठवडे, क्लच न दाबता

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे
क्लच नाही, जिना नाही, मांडी घालून बसणं तर नाहीच.
म्हणून भाच्यानं, साईलनं, त्याचा जुना डबा टीव्हीला जोडला
आणि माझ्या हातात दिला एक काळा कंट्रोलर.
जिवंत कुर्ली उचलावी तसा मी तो उचलला.

पहिला खेळ बंदुकांचा. त्याबद्दल फार सांगत नाही.
दर वेळी मला मागून कुणीतरी मारलं.
त्यात आरसा नाही. आरशाशिवाय
एकोणतीस वर्षांत मी कदंब डेपोबाहेर काढली नाही,
इथं कशाला मरू?

दुसरा शेतीचा. बरा आहे, चित्रं गोड.
भोपळा आठ दिवसांत धरतो, वाटेत भेटेल तो नमस्कार करतो.
बायको बघत होती, म्हणाली, "माकडं कुठायत यात?"
खरंच, केळीच्या घडावर बसलेलं एक केल्डं नाही,
गवा नाही, रानडुक्कर नाही, पंचायतीचा ना-हरकत दाखला नाही.
आठवड्याभरात तिनं तीन गायी घेतल्या,
आता दुपारी दोन ते चार टीव्ही तिचा.

फुटबॉल साईलबरोबर खेळलो. नऊ-शून्य.
नवातला एक गोल माझा होता, माझ्याच जाळ्यात.

पण तो ट्रकचा खेळ!
रात्री अकरानंतर, आवाज बारीक करून.
माल उचलायचा, चीज, फरशा, एकदा तर अख्खी होडी,
आणि कुठल्याशा बर्फाच्या मुलखातून
सातशे किलोमीटर न्यायचा.
रस्ता असा की कपातला चहा हलू नये.
माशेलच्या बाजारात आडवी लावलेली रिक्षा नाही,
बाणस्तारीच्या पुलावर उलटी घुसणारी भाड्याची स्कूटर नाही,
सिग्नल मोडला की दंड तिथल्या तिथं, आपोआप वजा,
कुणाला "साहेब, साहेब" करायची सोयच नाही.

तक्रारी आहेत.
स्टिअरिंग हलकं. गिअरच्या दांड्याला ऊब नाही.
पाऊस मात्र जमलाय त्यांना.
वायपरच्या दोन फेऱ्यांमध्ये काच धूसर होते
आणि तेवढा रस्ता तुम्ही आठवणीवर चालवता,
हे ज्यानं बनवलं
तो कधीतरी रात्रीचा चोर्ला घाटात अडकलेला असणार.

रविवारी फाउस्तीन आला. अकरा वर्षं माझा कंडक्टर,
पणजी–वाळपई, शेवटची फेरी.
पोदेराकडचे गरम उंडे घेऊन आला,
आणि हॉस्पिटलात आणायची राहिलेली मोसंबी.
सोफ्यावर डावीकडं बसला, दाराच्या अंगाला.
"कितें हें?" म्हणाला आणि बराच वेळ गप्प.
मग एका वळणावर, "सांबाळ, झाड आसा."
मग, "गाडी इतकी रिकामी कशी रे?"
मी म्हटलं, मागे माल आहे, चोवीस टन चीज.
"माल कितें उलयता?" म्हणाला,
आणि मोसंबं सोलू लागला.

एक नदी ओलांडली, नाव वाचता आलं नाही.
मग एक गाव. चार दिवे, बंद दुकान, छोटी इगर्ज,
थांब्यावर पिशवी धरून उभी एक म्हातारी.
खेळात असली माणसं शोभेला असतात,
ती चढत नाहीत, उतरत नाहीत, भिजतात फक्त.

फाउस्तीननं सोफ्याच्या लाकडी हातावर
अंगठीनं टक् केलं.
एकदाच.
माझं बोट आपोआप ब्रेकवर.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.
पडद्यावर लाल अक्षरं आली, उशीर, दंड, कसलंसं.
दोघांनी ती वाचली.
गुडघे दुखणाऱ्या बाईला दोन पायऱ्यांना लागतो
तेवढा वेळ आम्ही थांबलो.
मग टक् टक्.

चीज चाळीस मिनिटं उशिरा पोचलं.