दोन दारांमधला बोळ

बेदाण्याला चार अंश लागतात.
वाइनला ते जाचतं, आखडते बिचारी.
म्हणून सातगोंडा मगदूमने मला
चार नंबरच्या खोलीबाहेरचा बोळ दिला,
दोन दारांमधला,
जिथं बाराही महिने तेरा अंश.
कवलापूर फाट्यावरून आत, उसाच्या कडेला.

रजिस्टरात त्याच्या टपोऱ्या अक्षरात नोंद:
शिखरे सर, आडव्या बाटल्या, ११६ नग.
भाडं नगाला महिना एक रुपया.
फुकट ठेवलं की मोजदाद राहत नाही, म्हणतो.

तो पीत नाही. दिवस मावळल्यावर जेवतसुद्धा नाही.
पण बूच ओलं राहिलं पाहिजे,
बाटली हलता कामा नये,
हे माझ्यापेक्षा त्यालाच जास्त पाठ.
बॉक्स ओढणाऱ्या हमालांना दबक्या आवाजात सांगतो,
"हळू रं. हितं म्हातारी माणसं निजल्यात."

म्हातारीच.
मी फक्त म्हाताऱ्या वेलींची जमवतो.
नवी वेल बडबडी, घडावर घड,
विचारलं नाही तरी सांगत सुटणारी.
जुनीचं तसं नसतं.
एका ओलांड्यावर दोन-तीन घड, मणी वाटाण्याएवढे,
साल जाड, रस थोडा,
आणि आहे तो रात्रीसारखा काळा.
तीस वर्षं फळ्यावर समीकरण लिहिलं,
साखरेतून अल्कोहोल, वर जाणारा वायू.
त्यात वेलीचं वय कुठंच येत नाही.

पुतण्याने स्पेनहून आणलेली एक आहे.
शंभरी गाठलेली वेल, ना मांडव ना तार,
फोटोत बोरीच्या झुडपासारखी एकटी उभी.
पण एकसष्ट बाटल्या मणेराजुरीच्या,
हैबती शेंडग्यांच्या दीड एकरातल्या.
एकोणसाठ साली कुणा पाव्हण्याने काडी दिली,
जात त्यालाही ठाऊक नव्हती.
घरात नाव पडलं, काळी.
डॉगरीजच्या आधीची, स्वतःच्या मुळावर उभी.
बाहत्तरला विहीर आटली तेव्हा
हिची मुळं विहिरीच्या दगडांतून खाली उतरली,
गाळापर्यंत.
नातू पलूसला नेऊन तीनशे बाटल्या भरायचा,
आणि लेबलावर सालाऐवजी
छाटणीची तारीख लिहायचा. हाताने.

एप्रिलात त्याचा फोन आला.
"सर, काढली."
काय काढली?
"काळी. एकरी दोन टन बी पडंना. ड्रॅगन फ्रूट लावतोय."
कर्ज नाही, भांडण नाही.
नुसता कंटाळा आला होता त्याला,
आणि तसा तो येऊ शकतो माणसाला.

मी गेलो. जेसीबी निघून गेला होता.
बांधावर मांडीएवढ्या खोडांचा ढीग,
आणि तुटल्या जागेवरून पाणी ठिबकत होतं,
छाटणीनंतर ठिबकतं तसंच,
स्वच्छ, घाईचं.
वेलीला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

परत आलो तो सरळ बोळात.
सातगोंडाने कॅल्क्युलेटर काढला.
"वर्षाला चार काढल्या, तर पंधरा वर्षं, सर.
एक उरतीया."
मी एकाहत्तरचा. त्याने तो आकडा
हिशेबात धरला नाही. उपकार.

उरलेली तीच फोडली.
एक ऑक्टोबरची छाटणी, सात वर्षांपूर्वीची.
स्टीलच्या पेल्यात ओतली, दुसरं काही नव्हतं.
दिवस मावळायला अजून वेळ होता.
त्याने पेला हातात घेतला,
ओठांपासून वीतभर लांब धरला,
आणि डोळे मिटून वास घेतला.
बराच वेळ घेतला.

"गाळाचा वास," म्हणाला.
"आमचा आजा विहिरीतनं गाळ काढायचा,
तवा पाटीला यायचा तसा. गार."

पेला माझ्या हातात दिला.
मग रजिस्टर उघडलं,
११६ वर काट मारून ११५ केले,
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जिथं इतर वेळी
"ओलावा जास्त" किंवा "बॉक्स फाटका" असतं,
तिथं पेन टेकवून थोडा थांबला
आणि लिहिलं,
वास चांगला.