तीस मिनिटं

लिटरभर काचेच्या नळकांड्यात
म्हसवडचं काल रात्रीचं पाणी.
कठड्यावर ठेवलंय. आता तीस मिनिटं
हात लावायचा नाही.

रंग नाचणीच्या आंबिलीचा.
आधी काही होत नाही,
मग कण कणाला धरतो,
ढग होतो, जडावतो, खाली निघतो.

मुलाणीचाचा म्हणायचे, यंत्र मागनं बघ, आधी नाक लाव.
नासका वास आला तर जीव गुदमारल्यात.
नांगरटीचा आला तर घर नांदतंय.
चाचांच्या निरोपाला नारळ-टॉवेल-टोपी देणाऱ्यांनी
तोंडाला रुमाल बांधले होते.

टाकी नवी होती तेव्हा त्यांनीच
विरजण मागून आणावं तसा
कराडहून टँकरभर गाळ उसना आणला.
त्याला शेणाचा काला, आणि गूळ.
पाच ढेपी घेताना दुकानदारानं विचारलं,
बारसं कुणाचं?

पावणेसातला गाव येतं.
साबण, डाळीचं धुवण, रात्रीचं उष्टं,
दिवाळीत फेसावर उटण्याचा वास,
रथाच्या दुसऱ्या दिवशी सगळं पाणी गुलालाचं.
कुठल्या गल्लीत जुलाब सुरू झालेत
ते डॉक्टरच्या आधी आम्हाला कळतं.
आम्हाला कुणी विचारत नाही.

जाळीवर अडकलेलं दाताळ्यानं ओढतो.
दुधाच्या पिशव्या, केसांचे गुंते,
एकदा कवळी.
धुऊन खिळ्याला टांगलीय, दोन वर्षं झाली.
मागायला येणार तरी
कुठल्या तोंडानं!

अठरावं मिनिट.
वरचं वीतभर पाणी निवळलं.
पलीकडची बाभळ दिसते त्यातून, वाकडी.

वडील ह्याच पाण्यात उतरायचे.
तेव्हा टाकी नव्हती, बाजारपेठेतलं गटार होतं,
त्यांच्या कमरेला दोर
आणि दोराचं टोक माझ्या हातात. चौथीत होतो.
एकदा झटका आला म्हणून ओढलं.
वर आले, काठावर बसले,
बराच वेळ बोललेच नाहीत.
मग म्हणाले, शाळा भरली असंल, जा.

मी काठावर उभा राहतो. हातमोजे आहेत.
लग्नाच्या बोलणीत चुलते म्हणाले,
पोरगं पाणीपुरवठ्यात हाय.
तसं खोटं नाही.

गेल्या गुरुवारी रात्री दोनला लाइट गेली.
जनरेटर होता, डिझेल नव्हतं.
बुडबुडे थांबले आणि टाकी अशी गप्प झाली
की रातकिडे ऐकू आले.
चार तास दम धरतात जीव, फार तर पाच.
मी बांबू घेतला,
ताक घुसळावं तसं घुसळत राहिलो.
बारा मीटर बाय आठची टाकी.
काही उपयोग नसतो त्याचा, मला माहीत आहे.
पहाटे पंखा घरघरला तेव्हा
बांबू लपवून ठेवला.

माणगंगा डिसेंबरातच वाळू होते.
एप्रिलात तिच्या पात्रात
एकच ओघळ चमकतो,
तो आमच्या पाइपातला.
बगळे येतात. मेंढरं येतात.
परवा मेंढरांमागून तायाक्का आली,
ओंजळ भरली, नाकाशी नेली, सोडून दिली.
"कुठनं येतं रं हे?"
"गावातनं."
"गावात कुठं हाय पाणी?"

मी हसलो. ती हसली नाही.
मेंढरं पीत होती.

तिसावं मिनिट.
गाळ तीनशे दहावर बसलाय.
रजिस्टरात लिहिलं: तारीख, वेळ, आकडा, सही.
वासाला रकाना नाही.
समासात बारीक अक्षरात लिहितो, नांगरटीचा.
साहेब दर महिन्याला खोडतात.

नळकांडं टाकीत उपडं करतो.
तळाला चिकटलेलं निघत नाही,
पुन्हा बुडवून, हलवून,
तेही सोडतो.