अंगी लागणं

आठशे मीटर खाली मिथेन पेटला
तेव्हा मी आईच्या स्वयंपाकघरात
उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यांना अंगठ्याने खळी पाडत होतो.
रविवार होता. गिंटरची पाळी दोनला संपणार होती.

खोलीत बत्तीस अंश.
टोपी, झगा, मास्क घालून मी घामाघूम,
आणि तो कुडकुडतोय.
पडल्या पडल्या काळजाचे एकशे तीस ठोके,
जणू कुणी रात्रंदिवस त्याला जिन्यावरून पळवतंय.

नळीतून दूध, अंडी, तेल,
चार माणसांचा शिधा रोज.
अंगी लागत नाही.
थंडीत सरपण संपलं की वासे काढून जाळावेत
तसं शरीर जाळतंय स्वतःच्या मांड्या,
दंड, गालांतलं मांस.
चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. बाहत्तर.
पासष्टनंतर ट्रुडा वहिनीने आकडा विचारणं सोडलं.

मग डॉक्टर व्रुबेल बाईंनी एका गोळीचं नाव घेतलं
आणि मी जमिनीकडे बघू लागलो.

ते नाव मला पाठ होतं.
बाविसाव्या वर्षी, व्यायामशाळेच्या तळघरात,
प्रोटीन पावडरच्या डब्यात लपवून विकत घेतलेलं.
स्पर्धेनंतर लघवी तपासली, पदक परत घेतलं.
बाबा तेव्हा कबुतरांना दाणे टाकत होते.
न थांबता म्हणाले,
"आपल्या घरात खोटं वजन कुणी उचललं नव्हतं, एर्विन."
गिंटर काहीच म्हणाला नाही.
पाच वर्षं काहीच म्हणाला नाही.

"म्हणजे स्टेरॉइड?" बाबांनी विचारलं,
माझ्याकडे न बघण्याची काळजी घेत.
"हो. सकाळी दहा मिलिग्रॅम, रात्री दहा.
दर आठवड्याला यकृताची तपासणी.
जादू नाही ही, आजोबा.
जे वाहून चाललंय ते थोडं अडतं.
बाकी अन्नाने होईल, आणि त्याच्या हातांनी."

त्याचे हात.
मांडीची कातडी काढून शिवलेली, जाळीसारखी,
बोटं चिमटीत येईनात.
फिजिओने अर्धा लिटर पाण्याची बाटली दिली.
मोजायला मला बसवलं,
बहुधा इथे मोजता येणारा मीच.
एक.
दोन.
तीनला बाटली गादीवर पडली.
शंभर किलो उचलताना एवढा दम लागला नव्हता कधी,
बघणाऱ्याला.

अकराव्या दिवशी घशातली नळी काढली,
पहिले शब्द माझ्या वाट्याला आले.
"यानं पाठीवर पुटकुळ्या येतात का रे?"
"येतात."
"मग?"
"आधी पाठीला कातडी तर येऊ दे."
तो हसला. टाके ओढले गेले, कळवळला,
पुन्हा हसला.
दारातल्या नर्सने आम्हाला दोघांना झापलं.

आकडा साठपर्यंत उतरला आणि तिथेच घुटमळला.
साठ. साठ. साठ.
तीन सोमवार.
मी रात्री त्याच गोळीबद्दल वाचत बसायचो,
या खेपेला मात्र दिवा लावून.

चौथ्या सोमवारी काटा थरथरला आणि थांबला:
साठ पूर्णांक पाच.
ट्रुडा वहिनीने भिंतीला टेकून डोळे मिटले.
बाबांनी उजवा हात पुढे करून ओंजळ केली,
हवेतलं काहीतरी हलकेच वर-खाली तोलून पाहिलं,
आयुष्यभर तोलत आले तसं.

"एक कबुतर," म्हणाले.
मग मान न वळवता ती ओंजळ
माझ्यासमोर धरली.