आयत्या वेळचा विषय

झेन्सव्हिलचा पूल तीन टोकांचा आहे.
ओहायोत एवढंच एक नवल.
रस्ता विचारला की इथली माणसं गंभीरपणे सांगतात:
पुलाच्या मध्यावर डावीकडे वळा.
विल्माबाई दरवेळी हसतात.
चाळीस वर्षं त्यांनी हेच तर शिकवलं,
इतिहास पुलाच्या मध्यावर वळतो
आणि पाटी लावायला माणसं मागाहून येतात.

प्राध्यापक विल्मा ओस्टरहाउट, वय अठ्ठ्याहत्तर.
त्यांच्या जाड पुस्तकात तीन राजवटी पडतात
आणि एकाही पानावर मशाल नाही.
आहेत ते थकलेले पगार,
उशिरा पोचलेली तार,
गोळी झाडायचा हुकूम ऐकूनही
बुटाची नाडी बांधत बसलेला शिपाई.
राजवाडा बाहेरून पडत नाही, त्या म्हणायच्या,
आधी आतला हिशेबनीस रजेवर जातो.

आता त्या बिल्ले गोळा करतात.
जुन्या बाजारात, डॉलरला तीन,
गावोगावच्या मंडळांच्या रेशमी फिती.
एका बाजूने लाल-सोनेरी, मिरवणुकीला.
उलटी केली की काळी, सभासदाच्या मयतीला.
टाचणी तीच.
"नागरिक म्हणजे काय, हे याहून सुबक
कुणी शिवलं असेल तर दाखव मला."
मी गाडी चालवते, फोटो काढते, पावत्या जपते.

बुटांच्या बंद दुकानावर, एकोणीस पायऱ्या चढून
भट्टीकामगार परस्पर साह्य मंडळ, स्थापना अठराशे ब्याण्णव.
शंभर खुर्च्या, एक पियानो
आणि आमच्यासाठी टाय बांधून उभे
चिटणीस डेल्मर कोप, वय एक्क्याण्णव.
त्यांनी इतिवृत्ताची वही पुढे सरकवली.
मार्च. हजर एक. गणपूर्ती नाही. सभा तहकूब.
एप्रिल. हजर एक. सभा तहकूब.
मे. हजर एक. पियानोत उंदीर. सभा तहकूब.

मला बाबांचं अक्षर आठवलं.
मेहकरच्या वाचनालयाच्या नोटिशीत, तळाशी, दरवर्षी:
गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा
अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल
व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.
लहानपणी मला ती जादू वाटायची,
अर्धा तास थांबलं की
आहेत तेवढी माणसं पुरतात.
कोपना मी ते इंग्रजीत करून सांगितलं.
ते म्हणाले, "आमच्या घटनेत अर्धा तास नाही.
मंडळ बंद करायलाही तिघं लागतात.
दुसरा रोस्को होता. नाताळात गेला."

विल्माबाई कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.
राज्यं कशी मोडतात ते सांगण्यात जन्म गेलेल्या बाईसमोर
मोडायला माणसं नाहीत म्हणून
टिकून राहिलेलं एक.

कोपनी खणातून दोन अर्ज काढले. वर्गणी दोन डॉलर.
"बंद करायला की चालू ठेवायला?" बाईंनी विचारलं.
"ते सभेत ठरेल."

बाई आजवर कशाच्याच सभासद नव्हत्या.
बघणाऱ्याने सही करायची नसते, हा त्यांचा नियम.
त्यांनी पर्स उपडी केली. चिल्लर, गोळ्या, लायब्ररीचं कार्ड.
पंचवीस सेंट कमी पडले, ते मी दिले.

कोपचा हात थरथरत होता, म्हणून पेन माझ्याकडे आलं.
हजर तीन, मी लिहिलं.
मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम.
सूचक कोप, अनुमोदक ओस्टरहाउट.
विषय पहिला.
कुणी बोलेना.
खाली सिग्नल बदलला, एक ट्रक कुरकुरत निघाला.
बाई मान खाली घालून कोटाला फीत टाचत होत्या,
कुठली बाजू वर ठेवून,
मी बसले होते तिथून दिसत नव्हतं.